ताईचा नवस आणि भाऊचं ताट : एक प्रकरण अभ्यास

सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावरच्या एका गावातलं हे प्रकरण आहे. मी या जिल्ह्यात आहार समुपदेशक म्हणून काम करते. कुटुंबाला विचारून, त्यांना वाचून दाखवून हे लिहिलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कर्करोगाच्या रुग्णांच्या घरी जाणाऱ्या आशाताई, परिचारिका आणि आहारतज्ज्ञ यांना ते उपयोगी पडावं, अशी इच्छा आहे. माझ्या हातून जे चुकलं तेही यात आहे, कारण ते वगळलं तर पुढचं काही समजणारच नाही.

पार्श्वभूमी

घरात चार माणसं. थोरली बहीण ५२ वर्षांची, तिला इथे ताई म्हणते. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली आणि घराच्या पडवीत खानावळ सुरू केली. धाकटा भाऊ ४४ वर्षांचा, आधी ट्रॉलरवर जायचा, नंतर रिक्षा घेतली. त्याची बायको, म्हणजे वहिनी, आणि बारावीतला मुलगा. आईवडील लवकर गेल्यामुळे भाऊला ताईनेच वाढवलेलं. तो अजून जेवायला बसताना स्वयंपाकघराकडे तोंड करून बसतो, ताई दिसावी म्हणून.

खानावळ माशांच्या थाळीची. दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत पर्यटकांचा हंगाम, त्यावर वर्षभराचं घर चालायचं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, पुढे श्रावण, मग गणपती, म्हणजे पावसाळाभर मिळकत जवळपास नाहीच.

भाऊला तंबाखू-चुन्याची सवय विसेक वर्षांची. पावसाळ्यात उजव्या गालाच्या आतून एक जखम झाली. गणपतीत तिखट लागेना, तेव्हा त्याने तालुक्याला दाखवलं. दाढ घासते म्हणून दाढ घासून गुळगुळीत करून दिली आणि परत पाठवलं. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही की तुकडा काढून तपासायला हवा, हे त्याला तेव्हा कोणी सांगितलं नाही. तुकडा तपासला तो दिवाळीनंतर. गालाच्या आतल्या अस्तराचा कर्करोग निघाला.

आमच्याकडे 'टाटाला नेलं' एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. परळचं टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे, आणि कोकणातल्या प्रत्येक वाडीत तिथे जाऊन आलेलं एखादं तरी घर सापडतं. भाऊलाही मुंबईला नेलं. डिसेंबरात शस्त्रक्रिया झाली. गाठ काढली, मानेतल्या गाठीही काढल्या. नंतर सहा आठवडे किरणोपचार, आठवड्याचे पाच दिवस, एकूण ३० वेळा, आणि त्यासोबत आठवड्यातून एकदा सिस्प्लाटिन या केमोथेरपीच्या औषधाची सलाईन, असं ठरलं. मधले पाच-सहा आठवडे जखम भरण्यासाठी घरी. उपचाराचा मोठा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून निघाला. येणंजाणं, राहणं आणि खाणंपिणं मात्र खिशातून.

नवस

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी भाऊ आणि वहिनी मुंबईत होते. ताई गावात ग्रामदेवीच्या देवळात एकटी गेली. गुरव दिवाबत्ती करत होता. त्याच्यादेखत तिने देवीला सांगितलं, "भाऊ बरो होईसर घरात मासळी शिजूची नाय, माझ्या तोंडात जावची नाय."

बाहेरच्या वाचकाला हे टोकाचं वाटेल. कोकणात तसं ते नाही. इथे मासे सोडण्याचं एक पंचांगच असतं: सोमवार शिवराक, म्हणजे शाकाहारी, संकष्टी शिवराक, मार्गशीर्षातले गुरुवार शिवराक, अख्खा श्रावण शिवराक. जे सगळ्यांत आवडतं तेच देवाला द्यायचं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. ताईच्या हातात त्या संध्याकाळी दुसरं काय होतं? शस्त्रक्रिया डॉक्टर करणार, सोबत बायको, पैसे योजनेचे. भावाच्या आजारात तिचा स्वतःचा वाटा हा एवढाच होता. हे मला नंतर कळलं, फार नंतर.

नवसाची किंमत तिला ठाऊक होती. ऐन डिसेंबरात माशांच्या थाळीची पाटी उतरवली. शिवराक थाळी ठेवून पाहिली, पण किनाऱ्यावर येणारा माणूस वरणभातासाठी थांबत नाही. आठवड्याभरात पडवी रिकामी झाली.

अडचण

भाऊ घरी आला तेव्हा त्याचं वजन ५७ किलो होतं. आजाराआधी ६२ असायचं. तीन आठवड्यांनी मी पहिल्यांदा घरी गेले तेव्हा काटा ५३ दाखवत होता.

त्या दिवशी त्याच्या पोटात काय काय गेलं ते मी वहिनीकडून लिहून घेतलं. उकड्या तांदळाची पेज तीन वाट्या, तीही वरची निवळ. कुळथाची पिठी एक वाटी, पातळ. दोन शहाळी. मुगाचं पाणी. आणि सकाळ-संध्याकाळ गव्हांकुराचा रस. तो मुंबईच्या चुलतभावाचा सल्ला. त्याने मोबाइलवर संदेशांची रीघ लावली होती: दूध बंद करा, साखर बंद करा, साखरेवर गाठ वाढते. त्यामुळे दूध गेलं, गूळ गेला, आंबोळीसोबतचा गोड रसही गेला. नवसाने मासे गेले. अंडं ताईच्या हिशेबात मासळीतच धरलेलं होतं. एवढं सगळं गेल्यावर ताटात उरलं ते पाणी.

मी बेरीज केली. जेमतेम ८०० कॅलरी, प्रथिनं २५ ग्रॅमच्या आत. अशा रुग्णाला किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं आणि २५ ते ३० कॅलरी लागतात. म्हणजे ५३ किलोच्या माणसाला किमान ६४ ग्रॅम प्रथिनं आणि साधारण १,३०० ते १,६०० कॅलरी. घरच्यांना तो भरपूर खातोय असं वाटत होतं, कारण वाट्या भरलेल्या होत्या आणि तो त्या रिकाम्या करत होता.

वजनाची घाई का, तेही सांगते. किरणोपचारात डोकं आणि मान हलू नये म्हणून चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार मास्क बनवतात, आणि त्या मापावरच सगळा नकाशा बेतलेला असतो. माणूस वाळला की मास्क सैल होतो. मग माप पुन्हा, आखणी पुन्हा, मध्ये दिवस फुकट. आणि हा खंड कर्करोगाच्या उपचारात परवडत नाही. शिवाय दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलून निघणार, चव जाणार, लाळ आटणार. त्यासाठी अंगात थोडी शिल्लक हवी. भाऊकडे ती नव्हती, आणि मुंबईला जायला अठरा दिवस उरले होते.

साखरेचा मुद्दा मी दहा मिनिटांत निकालात काढला. शरीरातली प्रत्येक पेशी ग्लुकोज वापरते. तोंडातून साखर बंद केली तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून ती तयार करतं, गाठ काही उपाशी राहत नाही. भाऊला हे पटलं, कारण आपले दंड कुठे गेले ते त्याला दिसत होतं. त्याच दिवशी दूध आणि गूळ परत आले. नवसाचं मात्र तसं नव्हतं.

पहिला निर्णय, आणि तो का चुकला

मी ताईला समजावायला गेले. प्रथिनांचे आकडे सांगितले, 'देवाला हे नको असेल' असंही म्हणाले. ती चुलीपाशी बसून ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "मॅडम, तुमचा शिक्षान तुमच्याकडे. माझा माझ्याकडे." त्यानंतर माझा फोन तिने उचलला नाही.

तेव्हा मी जे केलं ते आज करणार नाही. मी वहिनीला बाजूला घेऊन सुचवलं की शेजारच्या घरी मासा शिजवून घ्या, ताईला कळायला नको. मुडदुशे सुचवले. मऊ मासा, काटा कमी, आजारी माणसाला आणि बाळंतिणीला सोसतो म्हणून आमच्याकडे आवर्जून देतात. हळद, मीठ, नारळाचा रस, मिरची नाही, कोकम नाही. काटे काढून कुस्करून भातात. शेजारीण तयार झाली. रोज दुपारी ताई देवळात गेली की स्टीलच्या डब्यातून ते यायचं.

पाच दिवस चाललं. भाऊ आवडीने खायचा. त्याचा तो चेहरा पाहून मला वाटलं होतं, जमलं.

सहाव्या दिवशी ताईने डबा घासायला घेतला. डबा वहिनीने आधीच घासून पालथा घातला होता. पण झाकणाच्या आतली रबरी चकती कोणी काढून धुतली नव्हती. ज्या बाईने तीस वर्षं मासे कापले तिला एवढा वास पुरे होता. ती काही बोलली नाही. चकती राखेने घासली, उन्हात ठेवली, आणि त्या दिवसापासून तीन दिवस फक्त पाण्यावर राहिली. चूक झालीय तर प्रायश्चित्त आपणच घ्यायचं, असा तिचा हिशेब.

चौथ्या दिवशी भाऊला ताप भरला. मानेच्या टाक्यांपाशी पू झाला होता. प्रतिजैविकं सुरू केल्यावर तीन दिवसांत उतरला, वैद्यकीय दृष्टीने साधी गोष्ट. पण त्या घरात ती साधी राहिली नाही. भाऊ स्वतःच घाबरला. "ताईन माझ्यासाठी तोंड बांधल्यान, आनि मी चोरून खाल्लंय," एवढंच तो सारखं म्हणे. मासे राहिले बाजूला, तो दुधालाही नको म्हणायला लागला. पाच दिवसांत जे कमावलं ते गेलं, वर वहिनी आणि ताई यांच्यात अबोला आला. सल्ला माझा होता आणि दोष वहिनीच्या पदरात पडला.

पुढचे पर्याय

मी ताईच्या घरी पुन्हा गेले ती तिची माफी मागायला. 'तुमच्या पाठीमागे मी हे करायला सांगितलं, वहिनीची चूक नाही,' असं दोघींसमोर सांगितलं. ताईने पाण्याचा तांब्या पुढे केला. तेवढ्यावर बोलणं सुरू झालं. त्या दिवशी मी पहिल्यांदा विचारलं की नवसात नेमके शब्द काय होते. तिने सांगितले, आणि मग आम्ही चौघं बसून काय काय करता येईल ते बोललो.

पूर्ण शिवराक राहून भागेल का? भागेल. हे मी आधीच प्रामाणिकपणे सांगायला हवं होतं. मासा हे कर्करोगाचं औषध नाही, आणि मासे सोडल्यानेही कर्करोग बरा होत नाही. दोन ग्लास दुधात चार मोठे चमचे दूध पावडर, ५० ग्रॅम पनीर, मुगाचं घट्ट वरण, कुळथाची घट्ट पिठी तूप घालून, दह्यात शेंगदाण्याचं कूट, दुधात नाचणीचं सत्त्व आणि मऊ भात. एवढं पोटात गेलं तर प्रथिनं ६५ ग्रॅमच्या पुढे जातात. अडचण एकच: भाऊला दुधाची कधीच आवड नव्हती. ट्रॉलरवर वाढलेल्या माणसाला पनीर म्हणजे रबर.

नाकातून नळी घालून पोषण देणं हा दुसरा मार्ग. किरणोपचारात तशीही वेळ येऊ शकते. पण गिळता येत असताना केवळ घरातल्या पेचामुळे नळी घालायची, हे डॉक्टरांनाही नको होतं आणि मलाही.

तिसरा मार्ग भाऊनेच सुचवला, की उपचार होईपर्यंत आपण सासुरवाडीला राहावं, तिथे मासे खावेत. ताई यावर एकदम उठून आत गेली. तो पर्याय तिथेच मिटला. भावाला घराबाहेर ठेवून पाळलेला नवस तिला कसा पेलला असता?

आणि चौथा. तो ताईच्या तोंडून आला. "देवीकच इचारुया."

काय केलं

ग्रामदेवीला कौल लावून विचारायचं ठरलं. सिंधुदुर्गात घर बांधायचं, लग्न जमवायचं, पेरणी करायची, तरी देवळात कौल घेणारी माणसं आहेत. देवीच्या मूर्तीवर ओल्या पाकळ्या लावतात, गाऱ्हाणं घालतात, प्रश्न विचारतात. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

मला भीती होती. कौल डावा आला तर? म्हणून आदल्या रात्री ताईशी आणि भाऊशी एक गोष्ट पक्की केली: देवीने नाही म्हटलं तर शिवराक आहार कागदावर लिहिल्याप्रमाणे, आवडो न आवडो, घ्यायचा. कागद स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवला. कौल कुठलाही आला तरी भाऊ उपाशी राहणार नाही, एवढी तजवीज मला करता येत होती, ती केली.

गुरव सत्तरीचे. त्यांना ताईचा नवस आठवत होता. देवीला विचारण्याआधी ते ताईला म्हणाले, "नवस बोलणाऱ्याचो. दुसऱ्याच्या ताटातलो घास त्यात कसो घालतलंस? पण ह्यां माझा म्हणणां. तिका इचारुया." मग हात जोडून गाऱ्हाणं सुरू झालं. चूकभूल झाली असात ती पदरात घे, लेकराच्या तोंडाक चव दी, आणि मागून मानकऱ्यांचं "व्हय म्हाराजा".

पहिला प्रश्न: घरात मासळी शिजवायला मोकळीक आहे का? बराच वेळ काही हललं नाही. गाभाऱ्यात समईची वात चरचरत होती, भाऊ खांबाला टेकून उभा. मग डावी पाकळी पडली.

ताईचा चेहरा मी पाहिला. तिला वाईट वाटलं नव्हतं. तिच्या नवसाला देवीने धरून ठेवलं होतं.

दुसरा प्रश्न गुरवांनीच घातला: नवस ताईचा ताईकडे राहील, घराची चूल शिवराक राहील, पण आजारी लेकराने औषध म्हणून बाहेर शिजवलेलं खावं का? उजवी पाकळी जवळजवळ लगेच पडली. भाऊ रडला. शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा रडला, असं वहिनी सांगते.

कौलावर माझं मत काय, असं मला सहकाऱ्यांनी विचारलं आहे. त्यांना मी एवढंच सांगते की त्या देवळात प्रश्न दोन भागांत वाटला गेला, आणि तो तसा वाटता येतो हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी पूर्ण नवस मोडायला निघाले होते.

घरामागे जुना मांगर होता, लाकूडफाटा आणि कोयते ठेवायचा. तिथे वहिनीने तीन दगडांची चूल मांडली. मासळीची भांडी वेगळी. दुपारी मुडदुशे किंवा सुरमईचा तुकडा, साधारण १०० ग्रॅम, म्हणजे १८ ते २० ग्रॅम प्रथिनं एका बैठकीत. अंडं उकडून, कुस्करून पेजेत. पेजेतच नारळाचा घट्ट रस, कारण आंबट-तिखट न घालता त्याच घोटात कॅलरी वाढतात. त्याला सोलकढीची फार आठवण यायची. कोकम झोंबलं असतं, म्हणून नुसता नारळाचा रस, मीठ आणि किंचित जिऱ्याची पूड. मांगरातून ताट वहिनी आणायची, आणि पडवीच्या पायरीवर ताई ते हातात घेऊन भाऊपुढे ठेवायची. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

आणखी एक तडजोड घरातच झाली. देवळातून रोज तीर्थ आणि अंगारा यायचा. सिस्प्लाटिन सुरू झाल्यावर पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, अशा वेळी विहिरीचं न उकळलेलं पाणी आणि कच्च्या दुधाचं पंचामृत धोक्याचं. हे मी यावेळी ताईला आधी सांगितलं, आणि काय करूया असं विचारलं. तिने उपाय काढला: पाणी उकळून, निववून तांब्या देवापुढे ठेवायचा, तुळशीचं पान न टाकता. तेच तीर्थ. अंगारा कपाळाला, जिभेवर नाही. मुंबईला जाताना तो तांब्याच त्यांनी सोबत घेतला.

किरणोपचाराचे सहा आठवडे

राहायची सोय दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत झाली. गाडगेबाबांनी जन्मभर देवापुढच्या पशुहत्येविरुद्ध कीर्तनं केली. तिथे मासळीचा प्रश्नच नव्हता. दारामागे चिकटवलेला शिवराक आहाराचा कागद वहिनीने निघताना काढून पर्समध्ये घातला होता. तोच सहा आठवडे उपयोगी पडला. कौल डावा येईल या भीतीने केलेली तयारी अशी कामाला आली.

निघताना वजन ५४ होतं. मास्क त्या मापाचा झाला. तिसऱ्या आठवड्यात चव गेली, चौथ्यात तोंड सोललं, मीठ-सोड्याच्या पाण्याने दिवसातून सहा-सात वेळा गुळण्या चालू होत्या, तरी दूधही गिळवेना. नळीचा विषय निघाला. भाऊने नकार दिला. त्या रात्री ताईने फोनवर त्याला काय सांगितलं ते दोघांनी कधी उघड केलं नाही. सकाळी त्याने नळी घालू दिली. उरलेले अकरा दिवस आणि पुढे तीन आठवडे दूध पावडर, नाचणीचं सत्त्व, गाळलेलं वरण असं सगळं नळीतून गेलं. ३० पैकी ३० किरणोपचार पार पडले, मध्ये खंड पडला तो एका दिवसाचा. शेवटी वजन ५१.५. घसरण झालीच, पण मास्क बदलावा लागला नाही.

शिमग्याला ते घरी आले. नळी निघाल्यावर मांगरातली चूल पुन्हा पेटली.

जे कोणी विचारलं नाही

मे महिन्यात मी भाऊचं वजन घ्यायला गेले होते. पाणी भरून आणताना ताई दारात बसली, हंडा खाली ठेवला आणि डोळे मिटले. तिचं रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.९.

पाच महिने मी या घरात येत होते. भाऊने काय खाल्लं याची वहीच्या वही भरली होती. ताई काय खाते, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. ती सोमवारी आणि गुरुवारी एकभुक्त राहत होती, बाकीच्या दिवशी भाऊने टाकलेली पेज आणि लोणचं. मासे सोडले, त्या जागी काही आलंच नाही. जो आहार भाऊसाठी कागदावर लिहिला होता, त्याची गरज तिलाही होती. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, कुळीथ, पालेभाजी, लिंबू, अळिवाचे लाडू. उपास सोडायला मी सांगितलं नाही. उपासाच्या दिवशी त्या एका वेळच्या ताटात काय असावं ते ठरवलं.

तेव्हाच डॉक्टरांनी तिचं तोंड तपासलं, कारण बोलता बोलता मिश्रीची डबी तिच्या कनवटीतून खाली पडली. तंबाखू भाजून केलेली मिश्री ती तीस वर्षं दातांना लावत होती. खालच्या हिरडीपाशी पांढरा चट्टा होता. तुकडा तपासला, कर्करोग नव्हता. पण असा चट्टा लक्ष ठेवण्यासारखा असतो, आणि तंबाखू सुटली तर धोका कमी होतो.

मी सांगून पाहिलं, आशाताईने सांगितलं. सुटली ती भाऊमुळे. गाल ओढला गेल्यामुळे तो अजून सावकाश बोलायचा. "माझ्यासाठी मासे सोडलंस, तर मगे मिश्री पण सोड." ताईने डबी चुलीत टाकली. पहिले दोन महिने फार कठीण गेले. ती ओव्याची पूड दातांना लावायची, आणि सकाळी परसात येरझाऱ्या घालायची. भाऊ तिच्यासोबत चालायचा.

आज पुन्हा हे प्रकरण हाती आलं तर

पहिल्याच भेटीत विचारेन: हे खाणं कोणी सोडलं, कोणासमोर, कोणत्या शब्दांत? 'घरात शिजणार नाही' आणि 'भाऊ खाणार नाही' यांत फरक होता, आणि तो शोधायला मला दोन आठवडे लागले. ते दोन आठवडे भाऊच्या अंगावरून गेले.

चोरून खाऊ घालण्याचा सल्ला कोणाला देणार नाही. पकडलं जाण्याची भीती हे त्याचं कारण नाही. कर्करोगात ताप, पू, वजन घटणं हे कधीही होऊ शकतं, आणि ज्या दिवशी होतं त्या दिवशी घरातला प्रत्येकजण त्याचं कारण शोधतो. आपण त्यांच्या हातात एक कारण ठेवून आलेलो असतो.

गुरवांकडे लवकर जाईन. मला वाटलं होतं देऊळ उपचाराच्या आड येईल. सत्तरीच्या त्या माणसाला नवसाची कलमं माझ्यापेक्षा आणि ताईपेक्षाही जास्त माहीत होती. मात्र प्रत्येक गावात असा माणूस भेटेलच असं नाही, आणि कौल नेहमी सोयीचाच येईल असंही नाही. म्हणून दोन्ही उत्तरांसाठी आहार आधी लिहून ठेवायचा, हे मी आता सगळीकडे करते.

आणि सांभाळणाऱ्या माणसाचं वजन. रुग्णाच्या पाठोपाठ त्याच काट्यावर तिलाही उभं करायचं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

एका गोष्टीवर माझं अजून ठरलेलं नाही. खानावळ बंद राहिल्याने त्या घरावर कर्ज झालं, आणि पहिल्या कौलाने ती उपचार संपेपर्यंत बंदच राहिली. मी त्यावर पुन्हा बोलायला हवं होतं का? ताईला विचारलं तर ती म्हणते, "नको होतां. तितक्या माझ्या हातान जावक होया होतां."

सध्या

भाऊचं वजन वर्षभरात ५९ पर्यंत आलं. तोंड दोन बोटांएवढं उघडतं, उघडझाप करायचा व्यायाम रोज असतो. तंबाखू नाही. तपासण्या चालू आहेत, आतापर्यंत सगळं ठीक. रिक्षा सकाळच्या फेऱ्यांपुरती चालवतो.

उपचार संपल्यावर, पुढच्या दिवाळीआधी, ताईने चुलीबद्दल पुन्हा कौल घेतला. उजवा आला. थाळीची पाटी परत लागली. तिचा स्वतःचा नवस मात्र सुटलेला नाही. तिने मुंबईच्या डॉक्टरांना फोनवर सरळ विचारलं होतं, बरा झाला असं कधी म्हणायचं? ते म्हणाले, पाच वर्षं काही निघालं नाही तर तसं म्हणता येईल. तिने ते पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं आहे. अजून तीन वर्षं आहेत.

तोवर ती रोज सकाळी बांगडे कापते, तिरफळं घालून कढी उकळते आणि चव पाहायला वहिनीला हाक मारते. आधी भाऊला बोलवायची, पण त्याच्या जिभेला मीठ अजून नीट कळत नाही, आणि दोनदा गिऱ्हाइकांनी खारट म्हणून सांगितलं.